चार फेऱ्यांत जुळलेलं चुकीचं उत्तर

लोड फ्लो म्हणजे विजेच्या जाळ्यात कुठे किती व्होल्टेज आहे आणि कुठून किती पॉवर जाते ते काढायचं गणित. त्याचा प्रोग्राम लिहिणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक एकच तक्रार घेऊन: "सर, कन्व्हर्ज होत नाहीये." म्हणजे फेऱ्यांवर फेऱ्या मारूनही गणित एका उत्तरावर स्थिरावत नाही. या दुखण्यावरची औषधं ठरलेली आहेत. कोन अंशांत दिलायस की रेडियनमध्ये ते बघ, लोडला उणे चिन्ह लावलंस का बघ, लाइन चार्जिंग दोन टोकांना अर्धं-अर्धं वाटलंस का बघ. निम्मी मुलं एवढ्यावरच परत जातात. इथे मांडतोय ते प्रकरण उलट्या बाजूचं आहे. हा प्रोग्राम पहिल्या दिवसापासून चार फेऱ्यांत कन्व्हर्ज होत होता, आणि म्हणूनच त्यातली चूक सापडायला तीन आठवडे लागले. त्यातला पहिला आठवडा माझ्यामुळे वाया गेला, हे आधीच सांगून टाकतो.

काम काय होतं

विद्यार्थिनी विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची. प्रकल्प एकटीने करायचा होता. न्यूटन-रॅफसन पद्धतीचा लोड फ्लो स्वतः लिहायचा, तयार पॅकेज वापरायचं नाही, आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १४ बस जाळ्यावर तो तपासायचा आणि मग त्यात रिॲक्टिव्ह पॉवरच्या मर्यादा घालून व्होल्टेजचं काय होतं ते पाहायचं. विषयात नवं काही नाही. पण ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केलंय, त्याला पुढे नोकरीत महागडं सॉफ्टवेअर काय सांगतंय हे कळतं. ज्याने केलं नाही, तो बटण दाबून रंगीत चित्र बघत बसतो.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बस म्हणजे जाळ्यातला जोडबिंदू. प्रत्येक बसला चार राशी असतात: व्होल्टेजचं मान, त्याचा कोन, ॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम करणारी, पी) आणि रिॲक्टिव्ह पॉवर (स्वतः काम न करणारी पण व्होल्टेज टिकवायला लागणारी, क्यू). त्यांतल्या दोन आपण सांगायच्या, उरलेल्या दोन गणित काढून देतं. लोडच्या बसवर दोन्ही पॉवर ठाऊक असतात, ती पीक्यू बस. जनित्राच्या बसवर ॲक्टिव्ह पॉवर आणि व्होल्टेज आपण ठरवतो, ती पीव्ही बस. आणि एका बसवर व्होल्टेज आणि कोन ठरवून बाकीचा सगळा हिशेब तिच्या गळ्यात टाकतो, ती स्लॅक बस. कोणत्या दोन राशी आपण सांगितल्या आणि कोणत्या दोन गणिताने दिल्या, हा फरक लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच फिरणार आहे.

१४ बसचं हे जाळं कुणी परीक्षेसाठी बसून रचलेलं नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर कंपनीचं मिडवेस्टात जे जाळं होतं, त्याच्या एका तुकड्यावरून ते घेतलंय. शाखा २०, एकूण लोड २५९ मेगावॉट. बस १ ही स्लॅक, व्होल्टेज १.०६ पर युनिट, म्हणजे ठरलेल्या मूळ व्होल्टेजच्या १.०६ पट. बस २ वर ४० मेगावॉट देणारं जनित्र. बस ३, ६ आणि ८ वर सिंक्रोनस कंडेन्सर. त्यांची ॲक्टिव्ह पॉवर शून्य, काम फक्त व्हार, म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवर, देण्या-घेण्याचं. उत्तर सगळ्यांना माहीत आहे: स्लॅक बसवरून २३२.४ मेगावॉट निघतात. त्यात ४० मिळवा, २५९ वजा करा, लॉसेस १३.४ मेगावॉट. उत्तर आधीच माहीत असलेलं गणित सोडवायला देण्यात एक धोका आहे, तो तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता.

पहिली भेट

ती आली तेव्हा लॅपटॉपवर निकालाचा तक्ता तयार होता. चौथ्या फेरीनंतर मिसमॅच, म्हणजे दिलेली पॉवर आणि गणितातून येणारी पॉवर यांतला फरक, दशांशचिन्हापुढे आठव्या घरात गेलेला. दर फेरीला तो कसा कोसळत गेला याचा आलेखही काढला होता, आणि तो देखणा होता. न्यूटनची पद्धत उत्तराच्या जवळ आली की चूक दर फेरीला साधारण वर्गाच्या पटीत लहान होते, ते त्यात स्वच्छ दिसत होतं. बाजूला पुस्तकातल्या उत्तराशी तुलना होती. लॉसेस जवळपास तेवढेच. बस १, २, ३, ६, ८ ची व्होल्टेजेस तंतोतंत. बस २ चा कोन उणे ५ अंशांच्या आसपास, बस ३ चा उणे १२.७ च्या जवळ, बस १४ चा उणे १६ च्या जवळ.

मी विचारलं, "बस ५ चं व्होल्टेज १.०५ कसं? १.०२ हवं ना?"

"सर, तीन टक्क्यांचा फरक आहे. डेटा राउंड ऑफ केलेला असेल."

मी म्हणालो, "ठीक आहे, कन्व्हर्ज होतंय ना? मग आता क्यू लिमिट्स घाल."

या एका वाक्याचं मला अजून वाईट वाटतं. व्होल्टेज साधारण ५ टक्क्यांच्या पट्ट्यात सांभाळायचं असतं, तिथे तीन टक्के म्हणजे अर्ध्याहून जास्त पट्टा झाला. राउंडिंगने चौथा दशांश हलतो, दुसरा नाही. मुलांना हे मी दरवर्षी फळ्यावर सांगतो. त्या दिवशी मात्र माझं लक्ष त्या आलेखाने खाऊन टाकलं होतं. आणि तंतोतंत जुळलेल्या पाच व्होल्टेजेसनी मला फसवलं, तेही किती साध्या पद्धतीने! ती पाचही व्होल्टेजेस तिने इनपुट म्हणूनच दिली होती. ती न जुळती तरच नवल. आपणच दिलेली राशी उत्तरात परत दिसली म्हणून आम्ही दोघं खूश झालो होतो.

मर्यादा घातल्यावर

पीव्ही बसचं व्होल्टेज धरून ठेवायला किती व्हार लागतील ते गणित सांगतं. पण यंत्राला मर्यादा असते. १४ बसच्या डेटात बस ६ च्या कंडेन्सरला उणे ६ ते २४ मेगाव्हार एवढाच वाव आहे, बस ८ लाही तेवढाच. मागणी त्यापलीकडे गेली की ती बस पीव्ही राहत नाही. व्हार मर्यादेवर गोठवायचे, तिला पीक्यू करायचं आणि व्होल्टेज जाईल तिकडे जाऊ द्यायचं. कोडमध्ये हे पंधरा-वीस ओळींचं काम आहे.

तिने ते घातलं आणि सगळं बिघडलं. बस ६ मर्यादेला धडकली, पीक्यू झाली आणि तिचं व्होल्टेज १.०७ वरून थेट १ च्या खाली घसरलं. बस ८ नेही मर्यादा गाठली. फेऱ्या वाढल्या. पुस्तकातल्या उत्तराशी काडीचा संबंध उरला नाही.

तिने काढलेला निष्कर्ष कुणीही काढला असता: लिमिट्स बंद असताना प्रोग्राम बरोबर, चालू केल्यावर चूक, तेव्हा चूक लिमिट्सच्या कोडात. पुढचे दोन आठवडे ती त्याच वीस ओळींत राबली. बस पीव्हीवरून पीक्यू होते तेव्हा जेकोबियनमध्ये (न्यूटनच्या पद्धतीतल्या मॅट्रिक्समध्ये) एक ओळ आणि एक स्तंभ वाढतो, ते ताळून पाहिलं. व्होल्टेज पुन्हा वर गेलं तर बस परत पीव्ही करायची अट लिहिली. मर्यादा पहिल्या फेरीपासून तपासायच्या की मिसमॅच जरा निवल्यावर, हे दोन्ही प्रकारे करून पाहिलं. टॉलरन्स, म्हणजे किती मिसमॅच चालेल ती मर्यादा, बदलला, सुरुवातीची व्होल्टेजेस बदलली. यातलं प्रत्येक काम तिने चोख केलं होतं, हे नंतर कळलं. लिमिट्सच्या कोडात पहिल्या दिवसापासून एकही चूक नव्हती.

माझ्याकडे ती पुन्हा आली तेव्हा चेहऱ्यावर तीन आठवड्यांचं जागरण होतं. लॅपटॉप उघडायच्या आत म्हणाली, "सर, लिमिट्स काढूनच टाकू का? बेस केस तर बरोबर येतेय." बेस केस म्हणजे मूळ लोडवरचं गणित.

प्रश्न बदलला तेव्हा

यावेळी मी कोड पाहिला नाही, आणि या प्रकरणात मी काही बरोबर केलं असेल तर तेवढंच. मी विचारलं, "लिमिट्स बंद असताना बस ६ किती व्हार देतेय?"

तिने तक्ता वर-खाली केला. तो स्तंभ छापलाच नव्हता. पुस्तकातल्या तक्त्यात व्होल्टेज आणि कोन ठळक असतात, क्यू कोपऱ्यात असतो, म्हणून तिनेही तुलना व्होल्टेज आणि कोनाचीच केली होती. छापून पाहिलं तर सत्तर मेगाव्हारच्या आसपास. मर्यादा २४.

"आणि उत्तरात किती हवेत?"

तिने पान उलटलं. बारा.

मग दोघांनी बाकीच्या बसेस पाहिल्या. खऱ्या उत्तरात बस २ वर ४२ च्या आसपास, मर्यादा ५०. बस ३ वर २३ ते २५, मर्यादा ४०. बस ६ वर १२, बस ८ वर १७, दोन्हींची मर्यादा २४. म्हणजे बेस केसमध्ये एकही यंत्र मर्यादेला टेकत नाही. लिमिट्स चालू करा नाहीतर बंद करा, उत्तर एकच यायला हवं. तिच्या वीस ओळींना बेस केसमध्ये काही कामच असायला नको होतं! त्या ओळी कामाला लागल्या, हीच जाळ्याचं मॉडेल बिघडल्याची खूण होती. ज्या ओळींवर दोन आठवडे संशय घेतला, तक्रार नोंदवणाऱ्या त्याच तेवढ्या होत्या.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे बस ६ चे एवढे व्हार जातायत कुठे?" त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा प्रश्न कोडबद्दल नव्हता, जाळ्याबद्दल होता.

एकच ट्रान्सफॉर्मर, कागदावर

बस ६ ला जोडलेल्या शाखा चार. त्यांतल्या तीन छोट्या लाइन्स, त्या ११, १२ आणि १३ कडे जातात. चौथा बस ५ आणि ६ मधला ट्रान्सफॉर्मर, रिॲक्टन्स ०.२५२०२, टॅप (एका बाजूचे वेढे कमी-जास्त करायची सोय) ०.९३२. खऱ्या उत्तरात त्यातून बारा-साडेबारा मेगाव्हार ५ कडून ६ कडे येतात. तिच्या उत्तरात चाळीसच्या वर उलटे, ६ कडून ५ कडे चालले होते. बस ५ चं व्होल्टेज १.०५ वर का चढलं त्याचं कोडंही इथेच सुटलं: बस ६ चा कंडेन्सर जीव काढून त्याला वर ढकलत होता. आणि बस २ चं जनित्र, ज्याने ४२ द्यायला हवेत ते, आयतं मिळतंय म्हणून निवांत बसलं होतं.

आता कागद घेतला. जाळ्यातले बाकीचे सगळे विसरायचे, फक्त हा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा. बस ५ ला १ पर युनिट व्होल्टेज लावायचं, बस ६ उघडी सोडायची. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट, दुसऱ्या वर्षाच्या मशीन्स लॅबमध्ये सगळे करतात तीच. फरक इतकाच की इथे मीटरऐवजी मॅट्रिक्स.

रिॲक्टन्स ०.२५२०२, म्हणजे त्याचा व्यस्त, ॲडमिटन्स, उणे जे ३.९६८. टॅप बस ५ च्या बाजूला आहे. मग वायबसमध्ये, म्हणजे जाळ्यातल्या सगळ्या ॲडमिटन्सच्या मॅट्रिक्समध्ये, ५ च्या कर्णावर या शाखेचा वाटा टॅपच्या वर्गाने भागून यायचा: उणे जे ४.५६८. कर्णाबाहेर, ५ आणि ६ च्या मध्ये, टॅपने एकदा भागून आणि चिन्ह बदलून: जे ४.२५७. आणि ६ च्या कर्णावर जसाच्या तसा: उणे जे ३.९६८. बस ६ उघडी, तिथला प्रवाह शून्य, तेव्हा तिचं व्होल्टेज म्हणजे ४.२५७ भागिले ३.९६८. आलं १.०७३. एकाला ०.९३२ ने भागलं तरी हेच येतं.

तिच्या मॅट्रिक्समधून फक्त ही शाखा काढून तोच भागाकार केला. ६ च्या कर्णावर ४.५६८ बसलं होतं. ४.२५७ भागिले ४.५६८, म्हणजे ०.९३२.

खऱ्या जाळ्यात जो ट्रान्सफॉर्मर बस ६ चं व्होल्टेज सात टक्के वर उचलतो, तिच्या जाळ्यात तोच ते सात टक्के खाली ओढत होता. टॅप दुसऱ्या बाजूला बसला होता. बाकी दोन टॅपचे ट्रान्सफॉर्मर, ४-७ चा ०.९७८ आणि ४-९ चा ०.९६९, तेही उलटेच बसले होते. पण ते एकाच्या जवळ असल्यामुळे त्यांचा उपद्रव कमी होता.

ही चूक इतकी गुळगुळीत का ठरली ते पाहण्यासारखं आहे. कर्णाबाहेरचा ४.२५७ दोन्ही प्रकारे तोच येतो. मॅट्रिक्स दोन्ही प्रकारे सममितच राहतं. फक्त कर्णावरच्या दोन संख्यांची अदलाबदल होते, आणि कर्णावर चार-चार शाखांची बेरीज झालेली असल्यामुळे ती नजरेला येत नाही. तिने वायबस तपासलंच नव्हतं असं नाही. कर्णाबाहेरचे सगळे घटक पुस्तकाशी ताळून प्रत्येकासमोर पेन्सिलीने टिक केलेला कागद तिच्याकडे होता. ट्रान्सफॉर्मरला रेझिस्टन्स नाही म्हणून लॉसेस हलले नाहीत. ॲक्टिव्ह पॉवरचा प्रवाह मुख्यतः कोनांच्या फरकावर चालतो, म्हणून कोनही फारसे हलले नाहीत. सगळा बोजा क्यूवर आला, आणि क्यूचा स्तंभ छापलेलाच नव्हता.

टॅप उलटला कसा

तिची चूक म्हणावी तर ती एका ओळीची, आणि निम्मी परंपरेची. १९७३ मध्ये लोड फ्लोच्या डेटाची देवाणघेवाण करायला आयट्रिपलईच्या एका गटाने एक समाईक मांडणी ठरवून दिली. त्या मांडणीत शाखेच्या ओळीत पहिला क्रमांक टॅप असलेल्या बसचा, दुसरा इम्पीडन्सच्या बाजूच्या बसचा. म्हणजे ५ आधी लिहिलाय आणि ६ नंतर, यातच टॅप ५ कडे आहे ही माहिती दडलेली आहे. तिने ज्या पुस्तकातून मॉडेल उचललं त्यात आकृतीत आदर्श ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूला होता. काही पुस्तकं गुणोत्तर ए:१ लिहितात, काही १:ए. सूत्रं दोन्हीकडची बरोबर, डेटाही बरोबर. दोन बरोबर गोष्टींची गाठ चुकीची पडली.

हे तिला मशीन्समधून कळायला हवं होतं का? हवं होतं, आणि कळतही होतं. मी विचारलं, "प्रायमरीचे वेढे कमी केले तर सेकंडरीचं व्होल्टेज वाढेल की कमी होईल?" क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "वाढेल." मग स्वतःच गप्प झाली. टॅप ०.९३२ म्हणजे त्या बाजूचे वेढे कमी केलेत, पलीकडचं व्होल्टेज वर जायला हवं, हे तिला तिसऱ्या सत्रापासून ठाऊक होतं. फक्त तो ट्रान्सफॉर्मर तेलाच्या टाकीत होता आणि हा मॅट्रिक्समध्ये, आणि दोन्ही एकच आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विषय सत्रांच्या डब्यांत घालून शिकवतो त्याचं हे फळ.

संगणकांच्या आधी लोड फ्लो नेटवर्क ॲनालायझरवर करत. एमआयटीतला असा ॲनालायझर १९२९ चा. जाळ्याची छोटी प्रतिकृतीच, हाताने जोडायची आणि मीटरवर वाचायची. त्यात टॅप उलटा जोडला तर पलीकडचा मीटर तिथल्या तिथे खाली गेला असता आणि जोडणाऱ्याने मान वर केली असती. १९५६ मध्ये वॉर्ड आणि हेल यांनी हेच काम डिजिटल संगणकावर करून दाखवलं, १९६७ मध्ये टिनी आणि हार्ट यांनी न्यूटनची पद्धत मोठ्या जाळ्यांना झेपेल अशी करून दिली. तेव्हापासून गणित फार लवकर होतं, मीटर मात्र गेला. त्याच्या जागी मिसमॅच आला, आणि मुलांना वाटतं की तोच मीटर. मिसमॅच सांगतो ते एवढंच: तुम्ही दिलेल्या जाळ्यात तुम्ही दिलेली पॉवर घातली तर ही व्होल्टेजेस बसतात. दिलेलं जाळं खरं आहे का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

जिथे प्रकल्प नसतो

वर्गात हे प्रकरण मांडलं की कुणीतरी म्हणतंच, कॉलेजच्या प्रकल्पात ठीक आहे, प्रत्यक्षात मॉडेल तपासलेली असतात. मग मी १० ऑगस्ट १९९६ सांगतो. त्या दिवशी उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचं जाळं हेलकावे खात तुटलं आणि सुमारे ७५ लाख ग्राहकांची वीज गेली. पुढे अभियंत्यांनी तोच प्रसंग नेहमीच्या अभ्यासातल्या मॉडेलवर पुन्हा चालवला तेव्हा मॉडेलमधलं जाळं थोडं डगमगून शांत झालं. प्रत्यक्षात हेलकावे वाढत गेले होते, संगणकावर ते विरत होते. ज्या मॉडेलच्या जोरावर लाइन्सवरच्या पॉवरच्या मर्यादा ठरवल्या जात होत्या, तेच जाळ्याला फार मजबूत समजत होतं. त्यानंतर तिथे जनित्रं प्रत्यक्ष चाचणीला लावून त्यांची मॉडेल ताळायचं काम हाती घेतलं गेलं.

याच्या उलटा प्रसंग १४ ऑगस्ट २००३ चा. अमेरिकेच्या ईशान्येला आणि कॅनडाच्या काही भागात सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले, त्या दुपारची गोष्ट. मिडवेस्टातल्या जाळ्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रातला स्टेट एस्टिमेटर (मोजमापांवरून जाळ्याची चालू स्थिती काढणारा प्रोग्राम) दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला मोठी चूक दाखवू लागला, कारण तुटलेली एक लाइन मॉडेलमध्ये चालू दिसत होती. माणसाने ती दुरुस्त केली, उत्तर जुळलं, पण दर पाच मिनिटांनी आपोआप चालायची सोय परत सुरू करायला तो विसरला आणि जेवायला गेला. मला यातला सुरुवातीचा भाग मुलांना दाखवायचा असतो: न जुळणारा प्रोग्राम ओरडून सांगत होता की तुमचं जाळं आणि बाहेरचं जाळं वेगळं आहे. आमची मुलं प्रोग्राम जुळला नाही की टॉलरन्स सैल करतात.

त्यानंतर काय बदललं

तिच्या प्रोग्राममध्ये दुरुस्ती एका ओळीची झाली. लिमिट्स चालू, लिमिट्स बंद, दोन्ही उत्तरं सारखी. बस ५ चं १.०२, बस १४ चं १.०३६. बेस केसमध्ये लिमिट्सचा कोड गप्प. मग लोड वाढवत नेलं तेव्हा यंत्रं एकामागून एक मर्यादेला टेकू लागली आणि प्रकल्पाचा मूळ प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला. हाताशी वेळ थोडा होता, त्यामुळे तो भाग जेवढा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. अहवालात तिने आधीच्या तीन आठवड्यांवर सहा पानं लिहिली. सहकाऱ्यांपैकी एकाने ती काढायला सांगितली होती, चुका अहवालात कशाला म्हणून. मी राहू दिली. माझ्या मते तीच सहा पानं वाचण्यासारखी होती.

माझ्या बाजूने मी दोन गोष्टी बदलल्या. एक, १४ बसचा डेटा देण्याआधी प्रत्येकाला एका शाखेची परीक्षा द्यावी लागते: एक ट्रान्सफॉर्मर, एक टोक उघडं, उत्तर कागदावर आणि कोडमधून, दोन्ही माझ्यासमोर. पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या वर्षी निम्म्या मुलांचा टॅप उलटा निघाला, म्हणजे त्याआधीच्या वर्षांत किती निघाले असतील याचा मी फार विचार करत नाही. दोन, निकालाच्या तक्त्यात आपण दिलेल्या राशी करड्या रंगात आणि गणिताने दिलेल्या काळ्या रंगात छापायच्या. करडे आकडे जुळले म्हणून कुणी माझ्याकडे यायचं नाही. पीव्ही बसवर कोनासोबत काळा आकडा क्यूचाच असतो, त्यामुळे डोळे आपोआप तिकडे जातात.

तिसरी गोष्ट करून पाहिली आणि सोडून दिली. मुद्दाम चुकीचा डेटा देऊन चूक शोधायला लावायचो. चूक आहे हे आधीच कळलं की मुलं शिकाऱ्यासारखी शोधतात आणि तासाभरात सापडतेही. हिला चूक आहे हेच माहीत नव्हतं, अवघड तेच होतं. आणि ते सरावासाठी तयार करून देता येत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल भराभरा चाळला, आलेखापाशी थांबले आणि विचारलं, "किती इटरेशन्समध्ये कन्व्हर्ज होतं?"

"चार," ती म्हणाली. "चुकीचं होतं तेव्हाही चारच, सर."

परीक्षकांनी चष्म्यावरून वर पाहिलं आणि मागे उलटून ती सहा पानं पहिल्यापासून वाचायला घेतली.